साध्या गाडीत ‘पॉवर’ टाकायचं का?

पंपावर काच खाली होते न होते तोच प्रश्न येतो, ‘साहेब, पॉवर टाकू?’ पंप कुठल्या कंपनीचा आहे त्यावर नाव बदलतं. हिंदुस्थान पेट्रोलियमकडे पॉवर, भारत पेट्रोलियमकडे स्पीड, इंडियन ऑइलकडे एक्सपी ९५, शेलकडे व्ही-पॉवर. लिटरमागे साधारण सात ते दहा रुपये जास्त. वॅगन-आर, स्विफ्ट, आय-टेन, टियागो, अमेझ अशा बिनटर्बोच्या, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा नसलेल्या गाड्यांसाठी माझं उत्तर ‘नको, साधंच टाका’ असं आहे. पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या इथेनॉलचं प्रमाण २० टक्क्यांवर गेल्यापासून तर ते उत्तर आणखी पक्कं झालंय, आणि गंमत म्हणजे नेमकं तेव्हापासूनच लोक प्रीमियमकडे जास्त वळायला लागलेत.

आधी एक गोंधळ निस्तरू. प्रीमियम म्हणून जे विकलं जातं त्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी असतात: वाढीव ऑक्टेन आणि इंजिन साफ ठेवणारी रसायनं. काही ब्रँडमध्ये दोन्ही असतात, तर काहींमध्ये फक्त रसायनं आणि ऑक्टेन साध्याइतकंच. साधं ‘स्पीड’ आणि ‘स्पीड ९७’ यांतला फरक हाच. नावात किंवा नोझलवर आकडा नसेल तर वाढीव ऑक्टेन गृहीत धरू नका.

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे. सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबलं जातं, प्लगची ठिणगी पडते आणि ज्योत एका टोकाकडून पसरत जाते. ती पोचायच्या आत कोपऱ्यातलं मिश्रण उष्णतेने आणि दाबाने आपोआप भडकलं, की दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आपटतात आणि बॉनेटखालून टकटक ऐकू येते. तेच नॉकिंग. या भडकण्याला पेट्रोल किती दाद देत नाही, याचं माप म्हणजे ऑक्टेन. ते मोजायला एक सिलिंडरचं, दाब कमी-जास्त करता येणारं खास इंजिन लागतं. त्यात शुद्ध आयसो-ऑक्टेनला १०० आणि एन-हेप्टेनला ० धरतात आणि आपलं पेट्रोल त्यांच्या कुठल्या मिश्रणासारखं वागतं ते बघतात. म्हणूनच पंपावर फिल्टर पेपरने किंवा घनतेच्या जारने ऑक्टेन तपासता येत नाही. त्या चाचण्या भेसळीचा अंदाज देतात, ९१ की ९५ हे सांगत नाहीत.

ऊर्जेच्या हिशेबात ९१ आणि ९५ जवळपास सारखेच. ऑक्टेन इथेनॉल घालून वाढवलं असेल तर लिटरमागे ऊर्जा उलट कमीच भरते. मग जास्त ऑक्टेनचा फायदा कुणाला? ज्या इंजिनाची रचनाच जास्त दाबाची आहे त्याला. पण दाब नुसता आकड्यावरून ओळखू नका. मारुतीच्या ड्युअलजेट के-१२ एन इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं ते प्रमाण, १२:१ आहे, म्हणजे बऱ्यापैकी जास्त, तरी ते ९१ वर चालेल असंच बनवलंय. त्यासाठी व्हॉल्व्हच्या टायमिंगवर काम केलंय आणि जळालेला थोडा धूर थंड करून पुन्हा सिलिंडरमध्ये घेतला जातो. कंपनीने ९१ वर सगळी जुळवाजुळव केली असेल, तर ९५ टाकून तुम्ही त्या इंजिनाला न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देता.

‘पण ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठिणगीचं टायमिंग स्वतःच जुळवून घेतो ना?’ घेतो, पण एका मर्यादेत. इंजिनच्या ब्लॉकवर नॉक सेन्सर असतो. टकटक जाणवली की ईसीयू ठिणगी काही अंशांनी उशिरा टाकतो, नॉक थांबला की हळूहळू पूर्ववत करतो. म्हणजे तो मागे येतो आणि मूळ जागी परत जातो. कंपनीने ठरवून दिलेल्या टायमिंगच्या फार पुढे जायची मुभा साध्या गाड्यांच्या ईसीयूला सहसा नसते. ९१ वर गाडी नॉकच करत नसेल, तर ९५ टाकल्यावर परत मिळवायला काही उरलेलंच नसतं.

आता इथेनॉल. जास्त ऑक्टेनमागे धावण्यातलं उरलंसुरलं कारणही त्याने काढून घेतलंय. इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन १०८ च्या आसपास असतं, त्यामुळे ते मिसळलं की मिश्रणाचं ऑक्टेन वर जातं. बीएस-२ या जुन्या प्रदूषण मानकाच्या काळात आपल्याकडचं साधं पेट्रोल ८८ चं होतं, नंतर ९१ झालं. २० टक्के इथेनॉल मिसळल्यावर ते ९५ वर गेलंय, असं पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलं. म्हणजे ‘९५’ च्या पाटीसाठी आठ रुपये जास्त मोजणाऱ्याने शेजारच्या नोझलमधल्या साध्या पेट्रोलचा आकडाही एकदा विचारात घ्यावा.

तरीही लोक वळतात, कारण त्यांचं भांडण ऑक्टेनशी नसून इथेनॉलशी आहे. मायलेज पडलं, तर ९५ टाकू, त्यात इथेनॉल नसतं, असा समज पसरलाय. तो चुकीचा आहे. ९५ आणि ९७ चं पेट्रोलही इथेनॉल मिसळूनच येतं. बिनइथेनॉलचं म्हणून ओळखलं जातं ते १०० ऑक्टेनचं. इंडियन ऑइलने एक्सपी १०० हे १ डिसेंबर २०२० ला दहा शहरांत आणलं, त्यात मुंबई आणि पुणे होती. तेव्हा दिल्लीत साधं पेट्रोल ८२ रुपयांच्या वर होतं आणि याचा दर होता १६०. सुपरबाइकवाल्यांसाठी ते ठीक. वॅगन-आरमध्ये ते टाकणं म्हणजे लग्नाच्या शालूने फरशी पुसणं.

मायलेज पडण्याची तक्रार मात्र खोटी नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या इथेनॉल आराखड्यातच म्हटलंय की, बिनइथेनॉलसाठी बनवलेल्या आणि १० टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकीत २० टक्के मिश्रणाने मायलेज ६ ते ७ टक्क्यांनी घटू शकतं. १० टक्क्यांसाठी बनवून २० साठी जुळवलेल्या गाडीत १ ते २ टक्के. ही घट ऊर्जेतली आहे. ९५ ची पाटी ती भरून काढत नाही, कारण त्यातही तेच इथेनॉल आहे.

कुठल्याही पेट्रोलमध्ये इथेनॉल किती, हे ढोबळमानाने बघायची एक सोपी पद्धत आहे. १०० मिलिलिटरची, खुणा असलेली, बूच बसणारी काचेची मोजनळी घ्या. ५० च्या खुणेपर्यंत पाणी आणि त्यावर १०० पर्यंत पेट्रोल भरा. बूच लावून हलकेच चार-पाचदा उलटसुलट करा, मध्येमध्ये बूच उघडून वाफ जाऊ द्या, मग दहा-पंधरा मिनिटं स्थिर ठेवा. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं आणि दोघांमधली रेघ वर सरकते. ती ६० च्या जवळ गेली तर साधारण २० टक्के, ५५ वर थांबली तर १० टक्के. इथेनॉल आणि पाणी एकत्र आल्यावर आकारमान किंचित आक्रसतं, म्हणून रेघ एखादी खूण खालीच दिसेल. हे काम मोकळ्या हवेतच करा. स्वयंपाकघरात नको, देवघराजवळ नको, बिडी-सिगारेटवाला जवळ नको. ते मिश्रण परत टाकीत किंवा गटारात ओतू नका.

पैशांचा हिशेब. साधं १०४ आणि प्रीमियम ११२ धरू. तुमच्या पंपावरचे आकडे घाला, रीत तीच राहील. ८ भागिले १०४, म्हणजे ७.७ टक्के. बरोबरीत सुटायलाच मायलेज एवढं वाढलं पाहिजे: १५ ची गाडी १६.१५ वर गेली पाहिजे, आणि त्यानंतर कुठे पहिला रुपया वाचायला लागेल. वर्षाला १०,००० किलोमीटर धावणाऱ्या गाडीला १५ च्या मायलेजने ६६७ लिटर लागतात. म्हणजे वर्षाचे ५,३०० रुपये जादा. त्या आठ रुपयांतलेही सगळे पेट्रोलचे नसतात. २०२१ च्या अर्थसंकल्पात मूळ उत्पादन शुल्क साध्या पेट्रोलवर लिटरला १.४० आणि ब्रँडेडवर २.६० रुपये असं ठेवलं होतं, म्हणजे १.२० चा फरक तिथेच. त्यावर महाराष्ट्रात व्हॅट टक्केवारीने लागतो. मुंबई, ठाणे, नवी मुंबईत २०२४ च्या अर्थसंकल्पात तो २६ वरून २५ टक्क्यांवर आणला. आठातले १.६० त्यात गेले. त्या दरांनी हिशेब केला तर पावणेतीन रुपये तुम्ही सरकारला वाहता आणि रसायनांच्या वाट्याला उरलेले येतात.

अमेरिकेतल्या वाहनचालकांच्या संघटनेने, एएएने, २०१६ मध्ये साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या गाड्यांत प्रीमियम टाकून चाचण्या घेतल्या, तर ताकद, मायलेज किंवा धूर यांत नाव घेण्यासारखा फायदा दिसला नाही. पुढच्या वर्षी त्यांनी कंपनीने प्रीमियमची ‘शिफारस’ केलेल्या, पण सक्ती न केलेल्या गाड्या तपासल्या. तिथे मायलेज सरासरी २.७ टक्के आणि ताकद १.४ टक्के वाढली. म्हणजे ज्या इंजिनांना ऑक्टेन खरोखर वापरता येतं त्यांच्यातही पावणेतीन टक्के, आणि आपल्याला हवेत पावणेआठ. तिकडच्या नातेवाइकांशी बोलताना एक लक्षात ठेवा: त्यांच्या पंपावरचा आकडा आरओएन, म्हणजे आपल्याकडे वापरतात ते ऑक्टेनचं माप, नसतो, दोन पद्धतींची सरासरी असते. त्यांचं ८७ म्हणजे आपलं साधारण ९१, आणि त्यांचं ‘९१ प्रीमियम’ म्हणजे आपलं ९५-९६. यूट्यूबवर बघून ‘आमच्या गाडीला ९१ लागतं म्हणजे प्रीमियम लागतं’ असं म्हणणारे भेटतात, ते याच घोटाळ्यामुळे.

रसायनांची बाजू जरा जास्त खरी आहे. डिटर्जंटमुळे इंजेक्टरच्या तोंडावर आणि व्हॉल्व्हच्या मागच्या बाजूला साठणारा काळा थर कमी होतो. पण यातही इंजिनाचा प्रकार महत्त्वाचा. बहुतेक साध्या गाड्यांत पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर फवारलं जातं, म्हणजे व्हॉल्व्ह रोज धुतला जातो. टर्बो जीडीआय किंवा टीएसआयसारख्या इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, व्हॉल्व्हला शिवतही नाही. तिथे व्हॉल्व्हवर बसलेला कार्बन कुठलंही प्रीमियम काढू शकत नाही, तो इंजिनाचं हेड उघडून किंवा अक्रोडाच्या टरफलांच्या भुकटीचा मारा करूनच निघतो. इंजेक्टरचं तोंड मात्र त्यातही साफ राहतं. बिनटर्बोच्या जुन्या गाडीला धुवून काढायचंच असेल, तर दर टाकीला आठ रुपये लिटर देण्यापेक्षा वर्षातून एकदा पॉलीइथरअमाइन असलेली इंजेक्टर क्लीनरची बाटली टाका. बाटलीवर किती लिटरला किती हे लिहिलेलं असतं, तेवढंच, आणि ती टाकी रिझर्व्हपर्यंत एका दमात संपवा. ‘दर तिसऱ्या टाकीला एकदा पॉवर’ हा नियम मला कधीच पटला नाही. ऑक्टेन त्या टाकीपुरतं, डिटर्जंट पातळ, आणि मनाचं समाधान तेवढं पूर्ण.

मग कुणी टाकावं? ज्याच्या पेट्रोलच्या झाकणाच्या आत ९५ लिहिलंय त्याने. जर्मन गाड्यांत आणि काही टर्बो पेट्रोल गाड्यांत हे असतं. तिथे ‘किमान’ आणि ‘शिफारस’ हे दोन शब्द नीट वाचा. किमान ९५ असेल तर वाद नाही. किमान ९१ आणि शिफारस ९५ असेल तर शहरात साधं चालतं. विदर्भात मे महिन्यात ४५ अंशांत, पाच माणसं, सामान आणि एसी घेऊन गाडी पळवायची असेल, किंवा कसारा, आंबा घाट असाच भरलेला चढायचा असेल, तर त्या प्रवासापुरतं जास्त ऑक्टेनचं घ्या. गरम हवा नॉक वाढवते. महाबळेश्वरच्या उंचीवर हवा विरळ असल्याने ऑक्टेनची गरज उलट थोडी घटते. टर्बोवाल्यांना आणखी एक: कमी आरपीएमवर अचानक होणारा जबरदस्त ठोका पेट्रोलपेक्षा ऑइलमुळे जास्त होतो. त्यासाठी डब्यावर ‘एपीआय एसपी’ हा दर्जा लिहिलेलं इंजिन ऑइल घाला, त्यातला पैसा सत्कारणी लागतो.

साधी गाडी टकटक करते म्हणून मेकॅनिकने ‘पॉवर टाका’ सांगितलं असेल, तर आधी आवाज ओळखा. उभ्या गाडीत, आयडलिंगवर सतत येणारी टिकटिक टॅपेटची किंवा इंजेक्टरची असते. नॉकिंग फक्त लोडवर येतं आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की लगेच थांबतं. आता खरं कारण बघा. चौथ्या गिअरमध्ये ३० च्या वेगाने चढ चढवता का? मग गिअर खाली टाका, खर्च शून्य. प्लग चुकीच्या नंबरचा बसवलाय का? एनजीके कंपनीच्या प्लगच्या नंबरात आकडा जितका लहान, तितका प्लग गरम. सहाच्या जागी पाचचा बसला की नॉकला आमंत्रण. कूलंट कमी आहे का, फॅन वेळेवर लागतो का? पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनात कोंडलेली वाफ सोडणारा) अडकून ऑइलची वाफ इनटेकमध्ये येते का? ऑइल जळलं की मिश्रणाचं ऑक्टेन खाली येतं. इतकं करूनही नॉक राहिला तर सिलिंडरमध्ये कार्बन आहे. प्रीमियमने आवाज दबेल, पण कार्बन तिथेच राहील.

ज्यांना स्वतःच्या गाडीवर खात्री करायची आहे त्यांनी एका टाकीच्या मायलेजवर जाऊ नये. ३० लिटरच्या भरण्यात ऑटो कट पाऊण-एक लिटर इकडेतिकडे झाला की अडीच-तीन टक्क्यांची चूक तिथेच होते. एकच पंप, एकच नोझल, पहिला कट होताच थांबायचं, दोन्ही प्रकारच्या किमान तीन-तीन टाक्या. बदलल्यानंतरची पहिली टाकी हिशेबात धरायची नाही, कारण तीत जुनं पेट्रोल मिसळलेलं असतं. त्याहून चांगला उपाय म्हणजे ओबीडी पोर्टला (गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे वाचायच्या सॉकेटला) लावायचा ब्लूटूथ डोंगल आणि मोबाइलवरचं ॲप. त्यात ‘टायमिंग ॲडव्हान्स’, ‘इंजिन लोड’ आणि ‘इनटेक तापमान’ हे तीन आकडे रेकॉर्डला लावा. एकाच चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये, २,००० ते २,५०० आरपीएमच्या दरम्यान, एसी चालू ठेवून, दोन्ही पेट्रोलवर तोच तुकडा चालवा. आकडे शेजारी बसलेल्याने बघायचे. लोड आणि तापमान सारखं असताना प्रीमियमवर टायमिंग दोन-तीन अंश पुढे दिसलं, तर तुमचं इंजिन ऑक्टेन खरोखर वापरतंय. फरक अर्ध्या अंशाचा असेल तर विषय संपला.

सीएनजीवाल्यांनी तर या भानगडीत पडूच नये. सीएनजीचं ऑक्टेन १२० च्या घरात असतं, आणि बहुतेक कंपनी फिटेड गाड्या पेट्रोल वापरतात त्या सुरू होताना. त्यांचा प्रश्न वेगळा आहे: टाकीत तेच पेट्रोल महिनोन्महिने पडून राहतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, आणि पाणी फार झालं की इथेनॉल पाण्याबरोबर तळाला बसतं. वर जे पेट्रोल उरतं त्याचं ऑक्टेन उतरलेलं असतं आणि पंप उचलतो ते तळाचं पाणीदार मिश्रण. पावसाळ्यात कोकणात हे जास्त. म्हणून सीएनजी गाडीत आठ-दहा लिटरच ठेवा आणि आठवड्यातून एकदा पंधरा-वीस किलोमीटर पेट्रोलवर चालवा.

याच कारणाने आडगावच्या पंपावर प्रीमियम घ्यायला मी सांगत नाही. तिथे साधं रोज टँकरने उतरतं आणि रोज विकलं जातं, प्रीमियमचं गिऱ्हाईक दिवसाला मोजकंच. जमिनीखालच्या टाकीत ते किती दिवस मुरलंय कुणाला माहीत? पंपावर शून्य बघता तसा लिटरचा दरही बघा, नोझल टाकीत जायच्या आधी. चुकून प्रीमियम पडलंच, तर टाकी उपसायची गरज नाही, इंजिनाला काही होत नाही. वरून साधं भरा. दोन्ही एकत्र मिसळतात आणि गाडीला त्याचा पत्ताही लागत नाही.